चाळीस चित्रपट, नऊ दिवस

व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली 'प्रभात'चा 'संत तुकाराम' दाखवला गेला आणि त्या वर्षीच्या उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली, हे मराठी माणसाला पाठ असते. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांच्या या यशाचा अभिमान रास्तच आहे. पण त्या घटनेकडे प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले, तर तिची दुसरी बाजू दिसते. आपला चित्रपट व्हेनिसला पोचला. पण व्हेनिसला ज्यांच्या पंगतीत तो बसला, ते चित्रपट पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला एकत्र पाहायला मिळण्याची सोय नव्हती. मराठी चित्रपट महोत्सवात गेला, त्यानंतर मराठी प्रेक्षकाला आंतरराष्ट्रीय महोत्सव पाहायला मिळेपर्यंत पंधरा वर्षे जायची होती. महोत्सवांचा इतिहास सहसा उद्घाटने, पाहुणे, ज्युरी आणि पुरस्कार यांच्या आधारे लिहिला जातो, त्यामुळे ही पंधरा वर्षे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. सकाळी नऊला थिएटरात शिरून रात्री अकराला बाहेर पडणारा, मधल्या वेळात चार-पाच देशांतून फिरून आलेला प्रेक्षक या इतिहासात गर्दी म्हणून येतो, तेवढाच. खरे तर त्याचा तो दिवस हीच महोत्सवाची सर्वांत टिकाऊ निर्मिती आहे. हा दिवस टंचाईतून जन्मला. मात्र टंचाईने लादलेल्या या दाटीने प्रेक्षकाला जे शिकवले, ते एकेक चित्रपट सवडीने पाहून शिकता आले नसते, असे मला वाटते.

भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत सुरू झाला आणि १ फेब्रुवारीला संपला. आयोजन फिल्म्स डिव्हिजनचे होते. सरकारच्या या खात्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती आणि त्याचे प्रमुख निर्माते मोहन भवनानी यांच्याकडे महोत्सवाची सूत्रे होती. तेवीस देश, सुमारे चाळीस कथापट आणि शंभराच्या आसपास लघुपट असा तो पसारा होता. स्पर्धा नव्हती. भारताकडून 'आवारा', तेलुगू 'पाताळभैरवी', बंगाली 'बाबला' आणि व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' असे चार चित्रपट होते. होनाजी बाळाची कथा इटलीच्या आणि जपानच्या चित्रपटांशेजारी लागली होती. आता साधा भागाकार करू. चाळीस कथापटांना नऊ दिवसांनी भागले की रोजचे चार-साडेचार होतात. सगळे पाहायचे म्हटले, तर दिवसाला चार-पाच पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. सगळेच्या सगळे किती जणांनी पाहिले असतील, हा प्रश्न वेगळा. पण महोत्सवाच्या दिवसाचे जे माप आजही पणजीत किंवा पुण्यात वापरात आहे, ते या पहिल्याच कार्यक्रमपत्रिकेत ठरून गेले होते. त्यामागे कलाविषयक सिद्धांत वगैरे काही नव्हता, निव्वळ वेळेची चणचण होती. मुंबईचा कार्यक्रम आटोपला की तेच चित्रपट मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्याला जायचे होते.

ही चणचण नेमकी कशाची, हे समजायला प्रिंट म्हणजे काय वस्तू होती ते पाहावे लागते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने पळते, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. दोन तासांच्या चित्रपटाला जवळजवळ अकरा हजार फूट फिल्म लागते. दोन हजार फुटांचे एक रीळ धरले, तर अशी सहा रिळे, पत्र्याच्या डब्यांत भरलेली, एकूण वजन पंचवीस-तीस किलोंच्या घरात. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असत. एक रीळ वीस-बावीस मिनिटांत संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमके. ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करी. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की पहिले यंत्र बंद, दुसरे चालू. सराईत ऑपरेटरच्या हातून हा बदल प्रेक्षकाला कळतही नसे. हे डबे परदेशातून बोटीने किंवा विमानाने यायचे, कस्टममधून सुटायचे, ठरलेल्या तारखेला परत जायचे किंवा पुढच्या देशाच्या महोत्सवाकडे रवाना व्हायचे. सबटायटल फिल्मवरच छापलेली असल्यामुळे इंग्रजी सबटायटलची प्रिंट ही आणखी वेगळी, मोजकी वस्तू. एक प्रिंट, एक शहर, एक-दोन खेळ, असा सगळा मामला होता. चित्रपट हुकला तर तो पुन्हा कधी दिसेल, याला उत्तर नव्हते. पुढच्या दशकांत त्यात परकीय चलनाच्या टंचाईची भर पडली. विदेशी चित्रपटांच्या आयातीवर बंधने होती, आणि जी आयात होई तीत हॉलिवूडचे वजन मोठे. १९७१ साली अमेरिकन कंपन्यांशी असलेला करारच सरकारने पुढे चालू ठेवला नाही आणि काही वर्षे तोही ओघ आटला. हंगेरी, पोलंड, ब्राझील, जपान इथले चित्रपट धंद्याच्या वाटेने येण्याची शक्यता आधीही कमीच होती. अशा परिस्थितीत नऊ-दहा दिवसांत मिळेल तेवढे पदरात पाडून घेणे, याला हावरेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

या दाटीने काय घडवले याचा पुरावा पहिल्याच महोत्सवात सापडतो. १९५२ च्या यादीत इटलीचे 'बायसिकल थीव्ह्ज', 'मिरॅकल इन मिलान' आणि 'रोम, ओपन सिटी' हे चित्रपट होते. बिमल रॉय आणि त्यांच्या मंडळींवर 'बायसिकल थीव्ह्ज'चा परिणाम झाला आणि त्यातून १९५३ चा 'दो बीघा जमीन' आकाराला आला, ही हकीकत सुपरिचित आहे. ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की महोत्सवाने भारताला वास्तववाद आणून दिला, असा समज पसरला. हे म्हणणे टिकत नाही. बिमल रॉय यांनी १९४४ मध्येच 'उदयेर पथे' केला होता. चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला १९४६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान विभागून मिळाला होता. त्याच वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'धरती के लाल' आला. आणि मराठीत त्याच्याही आधी, १९३९ साली, शांतारामबापूंनी 'माणूस'मध्ये साधा पोलीस शिपाई नायक म्हणून उभा केला होता. गरिबाची कथा सांगायला आपल्याला कोणी इटालियन शिकवणारा लागत नव्हता. मग महोत्सवातून मिळाले काय? रस्त्यावर कॅमेरा नेण्याचे धाडस मिळाले, असे एक उत्तर देता येते. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकाच आठवड्यात तीन इटालियन चित्रपट पाहणाऱ्याला कळले की हा कोणा एका दिग्दर्शकाचा लहरी प्रयोग नसून एक वाट आहे आणि तिच्यावरून चार माणसे चालली आहेत. एकटा 'बायसिकल थीव्ह्ज' वर्षभरात कधीतरी मॅटिनीला लागला असता तर तो एक चांगला, करुण चित्रपट ठरला असता. शेजारी त्याच दिग्दर्शकाचा, म्हणजे डि सिकाचा, दुसरा आणि रोसेलिनीचा तिसरा आला, तेव्हा तुलना सुरू झाली. तुलना सुरू झाली की 'काय सांगितले' याच्या पलीकडे 'कसे सांगितले' याकडे लक्ष जाते.

याला दुजोरा देणारे आणखी एक उदाहरण महोत्सवाच्या बाहेरचे आहे आणि म्हणून ते जास्त मोलाचे. सत्यजित राय जाहिरात कंपनीच्या कामासाठी १९५० मध्ये काही महिने लंडनला होते. त्या अल्प काळात त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. 'बायसिकल थीव्ह्ज' त्यांतलाच. 'पथेर पांचाली'चे श्रेय त्या एका चित्रपटाला देण्याची प्रथा आहे, पण हे विसरले जाते की तो एकटा आला नव्हता. त्याच्या मागेपुढे नव्वदांहून अधिक चित्रपट होते. राय यांनी स्वतःपुरता एक महोत्सवच भरवला होता, म्हणायला हरकत नाही. आणि तो त्यांना कलकत्त्यात भरवता येत नव्हता म्हणून तर त्यांनी चिदानंद दासगुप्तांसोबत १९४७ मध्ये फिल्म सोसायटी काढली होती.

इथे कोणी म्हणेल की दीर्घ बैठकीची सवय आपल्याला नवी नाही. संगीत नाटके पहाटेपर्यंत रंगत, तमाशाचे फड रात्रभर चालत, आणि मुंबईच्या त्या महोत्सवाच्या पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेन जोशींनी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, जिथे रसिक रात्र रात्र बसत. महोत्सवाचा प्रेक्षक त्याच परंपरेतला नाही का? बसण्याच्या सहनशक्तीपुरता असेलही. पण एक फरक निर्णायक आहे. सवाईच्या मंडपातला श्रोता राग ओळखतो, घराणे ओळखतो, गायकाची मागची मैफल त्याला आठवत असते. नाटकाच्या प्रेक्षकाला तर पदे पाठ असत. ती बैठक ओळखीच्या आनंदाची आहे. महोत्सवाच्या प्रेक्षकासमोर दर दोन तासांनी अनोळखी भाषा, अनोळखी चेहरे आणि अनोळखी चाल येते. कॅटलॉगमधल्या चार ओळी आणि एक छोटे छायाचित्र, एवढ्या भांडवलावर तो आत शिरतो. परंपरेने त्याला मांडी घालायला शिकवले असेल, पण अनोळखी गोष्टीपुढे बसून राहायला त्याला वेगळ्या शाळेत जावे लागले.

ती शाळा फक्त सरकारी महोत्सवांवर अवलंबून असती, तर बंदच पडली असती. १९५२ नंतरचा दुसरा महोत्सव भरला १९६१ मध्ये, दिल्लीत. तिसरा १९६५ ला, तोही दिल्लीत. तो पहिला स्पर्धात्मक आणि ज्युरीचे अध्यक्ष सत्यजित राय. चौथा १९६९ ला. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढे मात्र दिल्लीत स्पर्धात्मक महोत्सव आणि एकाआड एक वर्षी अन्य शहरांत 'फिल्मोत्सव' अशी पद्धत पडली. १९८४ चा फिल्मोत्सव मुंबईत झाला. म्हणजे पहिली वीस-बावीस वर्षे मुंबईच्या प्रेक्षकाने महोत्सवाच्या भरवशावर राहायचे ठरवले असते तर त्याच्या वाट्याला उपासच आला असता. या मधल्या काळात काम केले ते फिल्म सोसायट्यांनी. १९५९ मध्ये त्यांचे फेडरेशन स्थापन झाले. साठच्या दशकात सोसायट्यांना सदस्यांपुरते विनासेन्सॉर चित्रपट दाखवण्याची सवलत मिळाली, आणि वकिलातींच्या सांस्कृतिक कचेऱ्यांतून झेकोस्लोव्हाकिया, पोलंड, हंगेरी, सोव्हिएत रशिया यांच्या प्रिंट फिरू लागल्या. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले आणि सुधीर नांदगावकरांनी ही चळवळ आयुष्यभराचे काम म्हणून चालवली. पुण्यात तर सगळाच योग जुळून आला होता. स. का. पाटील समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपट शिक्षणसंस्थेची शिफारस केली होती. ती संस्था १९६० मध्ये 'प्रभात'च्याच आवारात उभी राहिली, जिथे 'संत तुकाराम' घडला होता. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि पी. के. नायर यांनी मिळेल त्या मार्गाने प्रिंट गोळा करायला घेतल्या. सतीश बहादुर यांनी रसास्वाद हा विषय म्हणून शिकवायला सुरुवात केली. चित्रपट रसास्वाद शिबिराची रचना पाहिली तर ती महोत्सवाच्या दिवसाचीच शिस्तबद्ध आवृत्ती वाटते: ठरलेल्या काळात भरपूर चित्रपट, मधे व्याख्याने, पुन्हा चित्रपट. टंचाईने शिकवलेली दाटी इथे अध्यापनाची रीत झाली.

आता मुख्य आक्षेप. दिवसाला पाच चित्रपट पाहणाऱ्याला रात्री पहिल्याचा शेवट आठवत नाही. प्रत्येक चित्रपट दुसऱ्याला पुसून टाकतो. एक चांगला चित्रपट पाहिला की माणसाने त्याच्यासोबत दोन दिवस राहावे. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. प्रत्येकी पावणेदोन-दोन तासांचे पाच चित्रपट म्हणजे अंधारात नऊ ते दहा तास. चौथ्यापर्यंत डोळे मिटू लागतात आणि संथ चित्रपटाची त्या स्लॉटमध्ये काही धडगत नसते. शॉन्ताल अकरमनचा 'जान दिएलमन' तीन तास एकवीस मिनिटांचा आहे, त्यात नायिका बटाटे सोलते आणि आपण ते पाहत राहतो. तो दिवसातला पाचवा असेल, तर दिग्दर्शिकेवर अन्याय होणार हे उघड आहे. पण आक्षेप घेणारा गृहीत धरतो की पाहणे म्हणजे एकेका चित्रपटाची पूर्ण आठवण जपणे. महोत्सवाचा दिवस दुसऱ्या कामासाठी आहे. तपशील विरतात, पण कोणता कॅमेरा पात्राच्या मागे मागे चालत होता आणि कोणता कोपऱ्यात उभा राहून वाट पाहत होता, हा फरक राहतो. कारण दोन्ही एकाच दुपारी पाहिलेले असतात. शिवाय मधल्या वीस-पंचवीस मिनिटांचा हिशेब आक्षेपात धरलेलाच नसतो. पुढच्या खेळाच्या रांगेत हातात शेड्यूलचा घडी पडलेला कागद, त्यावर खुणा, दोन हवेसे चित्रपट एकाच वेळी वेगवेगळ्या पडद्यांवर लागल्याचा संताप, आणि पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचे ठाम मत की सकाळचा इराणी चित्रपट भोंदू आहे. त्याच्याशी वाद घालायला दहा मिनिटे पुरतात आणि त्या वादात आपल्याला नक्की काय आवडले ते प्रथमच शब्दांत मांडावे लागते. परीक्षणे छापून येण्याच्या आधी, तारे मोजण्याच्या आधी, मत बनवण्याची ही सक्ती फार उपकारक आहे. रसास्वादाच्या वर्गात जे शिक्षक करवून घेतो ते इथे रांग करवून घेते.

दुसरा आक्षेप जरा टोचणारा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत महोत्सवांना उसळलेली गर्दी कलेसाठी नव्हती, ती सेन्सॉरची कात्री न लागलेल्या दृश्यांसाठी होती; तिकिटांचा काळा बाजार कोणत्या चित्रपटांना होई ते सर्वांना माहीत आहे. हेही नाकारण्यात अर्थ नाही. चित्रपटांतल्या चुंबनाला परवानगी असावी की नाही यावर न्यायमूर्ती खोसला समितीला १९६९ च्या अहवालात मत द्यावे लागले, अशा देशात विनाकात्रीच्या चित्रपटाला रांग लागणारच. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? कुतूहल हे थिएटरात शिरण्याचे कारण होते. आत जे दिसले ते कुतूहलाच्या मापाने कापून दिलेले नव्हते. एका दृश्यासाठी आलेल्याला उरलेला दीड तास हंगेरीतली शेतजमीन आणि घोडेस्वार पाहावे लागत. बरेच जण वैतागून उठून जात, काही बसून राहत. बसून राहिलेल्यांची संख्या मोजण्याचे साधन नाही, पण एक उलटतपासणी करता येते. इंटरनेट आल्यावर त्या प्रकारच्या कुतूहलाला थिएटराची गरज उरली नाही. महोत्सव केवळ त्यावर जगत असते तर २००० नंतर ओस पडले असते. प्रत्यक्षात घडले उलटेच. मुंबईत १९९७ मध्ये हृषीकेश मुखर्जी आणि इतर चित्रपटकारांनी 'मामि' ही महोत्सव भरवणारी संस्था उभी केली. हेच मुखर्जी 'दो बीघा जमीन'चे संकलक होते, म्हणजे १९५२ च्या प्रेक्षकांतलेच एक म्हणायचे. पुण्यात २००२ मध्ये जब्बार पटेलांच्या नेतृत्वाखाली 'पिफ' हा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. १९७५ साली स्वतःचा 'सामना' घेऊन बर्लिनच्या स्पर्धेत जाऊन आलेला दिग्दर्शक आता बर्लिनचे चित्रपट पुण्याला आणू लागला. केरळमध्ये १९९६ पासून चालू असलेल्या महोत्सवाने तर किम कि-दुक या कोरियन दिग्दर्शकाला असा काही प्रेक्षक मिळवून दिला की २०१३ मध्ये तो तिथे आला तेव्हा त्याचे स्वागत एखाद्या नटासारखे झाले.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्णपणे परतवता येत नाही. महोत्सव सरकारी मेहेरबानीवर उभा आहे, सेन्सॉरमधून सूट देणारा हातच ती काढून घेऊ शकतो, आणि म्हणून या दिवसाचे मोकळेपण उसने आहे. १९५२ चा महोत्सवही निव्वळ कलाप्रेमातून भरला नव्हता. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांना मुंबईला पाठवले ते साम्यवादी प्रभावावर उतारा म्हणून. सिनेमॅटोग्राफ कायदाही त्याच १९५२ चा. त्यातल्या सूट देण्याच्या अधिकारावर महोत्सव चालतात, आणि अधिकार म्हटला की तो वापरणारा आलाच. मुंबईच्या माहितीपट महोत्सवात २००४ साली भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा घाट घातला गेला. माहितीपटकारांनी एकजुटीने विरोध केला, अट मागे गेली, पण अडचणीच्या विषयांवरचे अनेक माहितीपट निवडीतच गळाले. तेव्हा त्यांनी 'विकल्प' नावाने शेजारीच आपला महोत्सव भरवला. गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात २०१७ ला ज्युरीने निवडलेले दोन चित्रपट मंत्रालयाने यादीतून काढले: मल्याळम 'एस दुर्गा' आणि रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड'. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला, 'एस दुर्गा' दाखवा असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने दिला, तरीही तो दाखवला गेला नाही. या बाबतीत एवढेच म्हणता येते की 'विकल्प' भरवता आला याचे कारण अशा दिवसाची सवय असलेला प्रेक्षक शहरात तयार होता. पण हे उत्तर अपुरे आहे, कारण प्रत्येक वेळी शेजारी दुसरा मांडव घालणे सर्वांना जमत नाही.

एक आक्षेप सहसा घेतला जात नाही, आणि तो मराठी वाचकाने तरी घ्यायला हवा. महोत्सवाचा दिवस इंग्रजीतून घडतो. पडद्यावर फ्रेंच, फारसी, पोर्तुगीज बोलले जाते, पण खाली वाचायचे ते इंग्रजीत, आणि तेही भरभर. पाच चित्रपट पाहणे म्हणजे एका दिवसात एक छोटी इंग्रजी कादंबरी वाचण्याइतके वाचन. ज्याला ते जमत नाही तो बाहेरच राहतो. 'जग खुले झाले' असे आपण म्हणतो तेव्हा ते कोणासाठी, हे विचारायला हवे. या बाबतीत मराठीतल्या फिल्म सोसायटी चळवळीने जे केले त्याची दखल कमी घेतली गेली. चित्रपटाआधी मराठीतून परिचय, जिल्ह्याच्या गावी मराठीतून रसास्वाद शिबिरे, 'वास्तव रूपवाणी'सारखे नियतकालिक. अरुण खोपकरांचे गुरुदत्तवरचे पुस्तक मराठीत लिहिले गेले आणि त्याला चित्रपटविषयक उत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अपघाताने नव्हे. शॉट, लय, अवकाश यांविषयी मराठीत बोलता यावे म्हणून आधी कित्येक वर्षे कोणीतरी धडपडत होते. तरीही सबटायटलचा उंबरा तसाच आहे. मराठी सबटायटलचा प्रश्न मराठी महोत्सवांनी अजून गांभीर्याने घेतलेला नाही, आणि आता फिल्मवर कोरायची गरज नसताना तर सबब उरलेली नाही.

मग गोवा. २००४ मध्ये इफ्फीची, म्हणजे भारताच्या या आंतरराष्ट्रीय महोत्सवाची, भटकंती थांबली आणि पणजी हे कायमचे ठिकाण झाले. 'भारताचे कान' करायचे, समुद्रकिनारा आणि झगमगाट हे त्यामागचे बोलून दाखवलेले कारण होते. गोव्यात चित्रपटाचा स्वतःचा धंदा नाही, फिल्म सोसायट्यांची जुनी मुळे नाहीत, मग तिथेच का, अशी टीका तेव्हा झाली आणि ती गैर नव्हती. परंतु महोत्सव गोव्यात रुजला त्याचे कारण झगमगाट नव्हे, अंतर. जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारातले आयनॉक्स आणि चार्ल्स कोरियांनी उभारलेली कला अकादमी ही एकाच रस्त्यावर, मांडवीच्या काठाने, चालत जाण्याच्या टप्प्यात आहेत. पाच चित्रपटांचा दिवस जमायला दोन पडद्यांमधले अंतर चहा पिऊन पार होण्याइतके हवे. मुंबईत महोत्सव अंधेरीपासून दक्षिण मुंबईपर्यंत विखुरला की दिवसाचे चार चित्रपटही अवघड होतात. एक चित्रपट लोकलमध्ये जातो, दुसरा पुलावरच्या कोंडीत. पुण्यातही लॉ कॉलेज रस्त्यावरचे संग्रहालय आणि इतर थिएटरे यांच्यात रिक्षाचे भाडे पडते, पण दिवस मोडत नाही. महोत्सवाच्या यशापयशाची चर्चा करताना आपण दिग्दर्शकांची नावे मोजतो. ती मोजण्याआधी पावले मोजावीत.

राहिला अगदी आजचा प्रश्न. प्रिंटची टंचाई गेली, चलनाची गेली, बऱ्याच अंशी कात्रीही गेली. १९५२ मध्ये ज्यासाठी चार शहरांनी वाट पाहिली तो 'बायसिकल थीव्ह्ज' आज कोणीही घरी पाहू शकतो. मग दाटीची सक्ती कशासाठी? ती सक्ती नाहीशी झाली आणि तरी दिवस टिकला, हेच मला महत्त्वाचे वाटते. कारण दिवसाचे मूळ फक्त टंचाईत असते तर तो टंचाईबरोबर संपायला हवा होता. घरी निवड आपल्या हाती असते आणि दहाव्या मिनिटाला बदलताही येते. मागे जे पाहिले त्याच्यासारखेच पुढे सुचवले जाते. महोत्सवात निवड दुसऱ्याने केलेली असते, दार बंद झालेले असते आणि शेजारी माणूस बसलेला असतो. गंमत अशी की जुनी टंचाईही पुरती गेलेली नाही, तिने रूप बदलले. आता चित्रपट पत्र्याच्या डब्यांऐवजी हार्ड डिस्कवर येतो, पण कुलूप लावून. त्याची डिजिटल किल्ली ठराविक सर्व्हरसाठी आणि ठराविक मुदतीसाठीच चालते; मुदत संपली की फाइल जागच्या जागी असूनही पडदा काळाच राहतो. शिवाय कोणता चित्रपट आधी कुठे दाखवायचा आणि किती वेळा, याच्या अटी विक्रेता घालतो. मराठी चित्रपटही आता या अटींच्या दुसऱ्या बाजूला उभा आहे. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसला आणि रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' २०२५ मध्ये सनडान्सला पहिल्यांदा दिसला, दोन्ही तिथे गौरवले गेले, आणि मराठी प्रेक्षकापर्यंत ते नंतर आले. 'संत तुकाराम'च्या वेळी नेमके उलटे होते: चित्रपट आधी इथे गाजला, मग तिकडे गेला.